धुण्याचा कोपरा

नवं घर बांधताना देवघराची दिशा ठरते, ओट्याची उंची ठरते, टीव्हीमागच्या भिंतीचा रंगसुद्धा ठरतो. धुण्याला मात्र उरलेली जागा मिळते. नाशिक जिल्ह्यातल्या देवळा तालुक्यात बऱ्याच घरांत वॉशिंग मशीन घर बांधून झाल्यावर आलं आणि नळ, सांडपाण्याची वाट आणि प्लग हे तिन्ही जिथे जमले तिथे उभं राहिलं. कुठे न्हाणीच्या दारात, कुठे मागच्या पडवीत, कुठे जिन्याखाली. मग त्याच्याभोवती पावडरचा पुडा, चिमट्यांची पिशवी, फिनेलची बाटली, जुनी फडकी, फवारणीचा पंप आणि ‘कधीतरी लागतील’ म्हणून ठेवलेले रिकामे डबे गोळा होत गेले.

हा कोपरा नीट लावायला वेगळी खोली लागत नाही. पाच-सहा फुटांची भिंत, एक मांडणी, चार खुंट्या आणि कुलूप लागणारं एक लहान कपाट एवढ्यात काम भागतं. पण पहिला खिळा ठोकण्याआधी आपल्याकडे धुणं कसं होतं ते पाहायला हवं, कारण कोणती फळी कुठे हे त्यावरूनच ठरतं.

नदीवरून घरात

सुरगाणा तालुक्यातल्या केमच्या डोंगरात उगम पावलेली गिरणा कळवणमधून वाहत लोहोणेरला येते आणि पुढे मालेगावकडे जाते. घरोघरी नळ येण्याआधी नदीकाठच्या गावांतलं धुणं नदीवर होई, बाकीच्या गावांतलं विहिरीवर नाहीतर ओढ्यावर. त्या पद्धतीत साठवणीचा प्रश्नच नव्हता. पाणी तिथे, दगड तिथे, कपडे वाळत टाकायला खडक आणि झुडपं तिथेच. घरातून निघताना घमेल्यात कपडे, साबणाची वडी आणि धोपटणं एवढंच बरोबर असे.

पुढे वस्तू वाढत गेल्या. रिठा आणि खार यांच्या जोडीला विलायती वडी आली. सनलाइट साबणाच्या पेट्या १८८८ साली कोलकात्याच्या बंदरात उतरल्या होत्या. १९५९ मध्ये सर्फ आली आणि पावडर हा प्रकार घरांत शिरला. १९६९ मध्ये करसनभाई पटेलांनी अहमदाबादेत निरमा विकायला सुरुवात केली आणि ती खेड्यापर्यंत पोचली. १९८३ मध्ये केरळातून उजाला आलं आणि नीळ पुडीतून बाटलीत गेली. आता त्यात मशीनचं लिक्विड, डागांचं औषध, कपडे मऊ करणारं द्रव्य, फरशीचं फिनेल आणि संडासचं ॲसिड यांची भर पडली आहे. मोजायला बसलात तर कुठल्याही घरात दहा-बारा वस्तू सहज निघतील.

दुसरीकडे, नदीवर एकाच ठिकाणी असलेल्या गोष्टी घरात पांगल्या. पाणी मोरीत, ऊन गच्चीवर, इस्त्री आतल्या खोलीत, पावडरचा जादा पुडा स्वयंपाकघराच्या माळ्यावर. एका धुण्यासाठी घरभर किती वेळा ये-जा होते, हे एकदा मोजून पाहण्यासारखं आहे.

कामाचा क्रम, वस्तूंचा क्रम

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन अभियंता बाईंनी कारखान्यातल्या हालचाली मोजायची पद्धत घरातल्या कामाला लावली. काम ज्या क्रमाने होतं त्या क्रमाने वस्तू मांडल्या, तर तेच काम कितीतरी कमी पावलांत होतं, हे त्यांनी दाखवलं. जपानी कारखान्यांनी याच विचाराला पाच नियमांत बसवलं : नको ते काढा, हवं त्याला जागा द्या, जागा स्वच्छ ठेवा, ही रीत सगळ्यांसाठी एकसारखी ठरवा आणि ती मोडू देऊ नका. नाशिकला सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी केलेल्यांना हे नियम ‘फाइव्ह एस’ या नावाने पाठ असतात. घरी आल्यावर ते कोणी वापरत नाही, एवढंच.

धुण्याचा क्रम साधा आहे : कपडे गोळा करणं, निवडणं, डाग काढणं, भिजवणं, धुणं, पिळणं, वाळत घालणं, घडी, इस्त्री आणि परत कपाट. या प्रत्येक टप्प्याला लागणारी वस्तू त्या टप्प्याच्या हाताशी असावी. डागाचं साहित्य टोपलीजवळ, पावडर मशीनजवळ, चिमटे गच्चीच्या दाराशी, सुई-दोरा आणि बटणांची डबी घडीच्या जागी. ‘साबणाच्या सगळ्या वस्तू एकत्र’ ही मांडणी दुकानात शोभते, घरात ती पावलं वाढवते.

मळका कपडा कुठे थांबतो

कोपऱ्याची सुरुवात टोपलीपासून होते. एकच मोठी टोपली असली की निवडण्याचं काम धुण्याच्या दिवशी येऊन पडतं. तीन लहान टोपल्या ठेवल्या तर घरातला प्रत्येक जण कपडा टाकतानाच निवडून मोकळा होतो : रोजचे रंगीत, पांढरे, आणि शेतातले. टोपल्या जाळीदार हव्यात, म्हणजे घामाचे कपडे कुबट होत नाहीत.

कांदा, मका आणि डाळिंबाच्या या तालुक्यात तिसरी टोपली महत्त्वाची. डाळिंबाच्या रसात आणि सालीत टॅनिन असतं. साल रंगकामात वापरतात ती त्यामुळेच. डाळिंबाच्या डागावर आपण सवयीने साबणाची वडी घासतो आणि डाग आणखी पक्का होतो. पाण्यात लोह असेल तर तो काळपटही पडतो. आधी साध्या पाण्याने खळखळून धुवावं, मग लिंबाचा रस किंवा पातळ डिटर्जंट लावावं. म्हणून टोपल्यांच्या वर एक लहान फळी ठेवावी आणि तिच्यावर मऊ ब्रश, डिटर्जंटची छोटी बाटली आणि एक वाटी ठेवावी. डाग ताजा असतानाच हात तिथे जातो.

फवारणीचे कपडे मात्र या तिन्ही टोपल्यांत नकोत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन विसाच्या आसपास शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा कीटकनाशक अंगावर आणि कपड्यांवर बसणं किती महागात पडतं ते राज्याने पाहिलं. या कपड्यांसाठी घराबाहेर, शक्यतो मळ्यातच, वेगळ्या रंगाची झाकणाची बादली ठेवावी. हातमोजे घालून ते त्याच दिवशी वेगळे धुवावेत, दोनदा खळखळावेत आणि उन्हात वाळवावेत. लहान मुलांच्या कपड्यांबरोबर ते मशीनमध्ये कधीही जाऊ नयेत.

पाणी : वजन, दाब आणि क्षार

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या भागात उन्हाळा आला की अनेक गावं टँकरकडे डोळे लावून बसतात. नळाला रोज पाणी येईलच असं नाही. त्यामुळे धुण्याच्या कोपऱ्यात पाण्याची साठवण हीच सगळ्यात मोठी वस्तू असते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, म्हणजे दोनशे लिटरचं पिंप भरलं की दोनशे किलोंच्या वर जातं. ते कधीही अँगलच्या घोडीवर किंवा लाकडी फळीवर ठेवू नये. जमिनीवर विटांचा नाहीतर कडप्प्याचा वीतभर उंच कट्टा करावा, पिंपाला खाली तोटी बसवावी, म्हणजे वाकून तांब्याने पाणी उपसावं लागत नाही. पिंपाला घट्ट झाकण हवंच, डेंग्यूचे डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतात.

मशीन घेतानाही पाणी आधी बघावं. टाकी आणि नळ यांच्या उंचीत दहा मीटरचं अंतर असेल तेव्हा नळाला साधारण एक बार दाब मिळतो. आपल्या गच्चीवरची टाकी खालच्या मजल्याच्या नळापासून तीन-साडेतीन मीटरच वर असते, म्हणजे दाब त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. पूर्ण स्वयंचलित मशीनला लागणारा किमान दाब त्याच्या पुस्तिकेत लिहिलेला असतो. तो न मिळाल्यास मशीन पाण्याची वाट पाहत अडून बसतं. दिवसाआड पाणी आणि वीज जाण्याची सवय असलेल्या घरात बादलीने पाणी भरता येणारं अर्धस्वयंचलित मशीन टिकून आहे, त्यामागे किमतीएवढंच हेही कारण आहे.

तिसरी गोष्ट क्षारांची. बोअरचं पाणी अनेकदा जड असतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करतं, फेस होत नाही आणि पांढरे कपडे करडे पडतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. अशा पाण्यात वडीपेक्षा डिटर्जंट बरं काम करतं. पावसाळ्यात पन्हळीचं पाणी एका पिंपात धरलं तर धुण्यासाठी त्यासारखं मऊ पाणी नाही. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी सोडून द्यावं, त्यात छतावरची धूळ असते. मशीनच्या पाइपाच्या तोंडाशी असलेली जाळी महिन्यातून एकदा काढून धुवावी, आणि त्यासाठी लागणारा जुना दात घासायचा ब्रश मशीनच्याच बाजूला खुंटीला टांगावा.

फळ्यांची उंची

माणसाचा हात सहज पोचतो ती पट्टी जमिनीपासून साधारण अडीच ते पाच फुटांची. रोज लागणारं सगळं या पट्टीत यावं. त्याच्या वर महिन्याचा जादा साठा, पण फक्त हलका. जड वस्तू खाली, पण जमिनीला टेकवून नाही. मोरीत पाणी उडतं, म्हणून सगळ्यात खालची फळी निदान वीतभर वर असावी. फळीची खोली दहा-बारा इंच पुरते. त्याहून खोल फळीवर मागची वस्तू दिसत नाही, आणि जी दिसत नाही ती पुन्हा विकत आणली जाते.

फळी कशाची असावी? पाण्याजवळ कडप्पा सर्वांत टिकाऊ. प्लायवूड ओलीने फुगतं, साध्या लोखंडी मांडणीला गंज धरतो आणि तो गंज टॉवेलवर उतरतो. लोखंडीच घ्यायची तर पावडर कोटिंग केलेली घ्यावी. वरून झाकण उघडणारं मशीन असेल तर झाकण पूर्ण उघडून उंची मोजावी आणि त्याच्या वरच पहिली फळी घ्यावी. हे मोजमाप राहून गेलं की झाकण फळीला अडतं. मशीनच्या मागे पाइप मुरगळणार नाहीत एवढी जागा सोडावी. मळ्यातल्या घरात उंदीर खालून शिरून वायरी कुरतडतात, तेव्हा मशीनच्या तळाची जाळी शाबूत आहे ना, हे बघत जावं.

प्लग जमिनीपासून किमान चार फुटांवर, नळापासून दूर आणि अर्थिंग असलेलाच हवा. गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी मुख्य बोर्डात बसवला तर ओल्या हाताच्या या जागेत तो जीव वाचवतो.

कांद्याच्या चाळीकडे बघा

साठवण म्हणजे काय, हे या तालुक्याला शिकवावं लागत नाही. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत भरला की दिवाळीच्या तोंडापर्यंत टिकवायचा असतो. त्यासाठी चाळ जमिनीपासून उचललेली असते, तळाला फटी, दोन्ही बाजूंनी जाळी किंवा पट्ट्या, आणि कांद्याचा थर बेताचाच उंच. हवा खालून शिरून वर निघाली पाहिजे, पाऊस आत येता कामा नये. धुण्याच्या कोपऱ्यातल्या कापडी वस्तूंना हेच नियम लागू आहेत. जादा टॉवेल, चादरी, फडकी ही बंद प्लास्टिक पिशवीत कोंबली की पावसाळ्यात त्यांना बुरशीचे ठिपके येतात. त्या जाळीच्या किंवा पट्ट्यांच्या फळीवर, भिंतीपासून बोटभर लांब, बेताच्या थरात ठेवाव्यात.

पावडरचं मात्र बरोबर उलट. तिला हवेतली ओल लागली की गठ्ठे होतात, म्हणून तिचा डबा घट्ट झाकणाचा आणि चमचा कोरडा. ब्लीचचं द्रावण उन्हात आणि उष्णतेत हळूहळू जोर गमावतं. त्याची मोठी बाटली स्वस्त पडली तरी वर्षभर पुरवण्यात अर्थ नाही. ती अपारदर्शक बाटलीत, सावलीत ठेवावी.

रेशमी वस्त्रांचा साठा इथे नकोच. येवल्याची पैठणी ओलीच्या भिंतीपासून दूर, सुती किंवा मलमलीच्या कापडात गुंडाळून कपाटात राहावी आणि दर काही महिन्यांनी तिची घडी बदलावी, नाहीतर जर घडीवर तुटतो. डांबरगोळ्यांबद्दल एक सावधगिरी : जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांना नॅप्थालीनच्या वाफेने रक्तपेशी फुटण्याचा त्रास होऊ शकतो. बाळाच्या दुपट्यांत कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा वेखंडाची पुरचुंडी पुरे.

कुलपातल्या वस्तू

या कोपऱ्यात एक कपाट असं हवं की ज्याला कुलूप आहे आणि जे मुलांच्या डोक्याच्या वर आहे. संडासचं ॲसिड, ब्लीच, फिनेल, उंदराचं औषध, रॉकेल हे सगळं तिथे. पण कपाटातही दोन कप्पे करावेत, कारण ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीत तो श्वास कोंडायला पुरेसा असतो. ब्लीचमध्ये अमोनिया असलेलं काही मिसळलं तरी विषारी वायू होतो. फरशी जास्त चकाचक व्हावी म्हणून दोन बाटल्या एकाच बादलीत ओतण्याची सवय म्हणूनच सोडावी.

विहिरीत टाकण्यासाठी आणलेली टीसीएल पावडर अनेक घरांत पडून असते. तीही ब्लीचचाच प्रकार आहे. तिच्यातून सुटणारा क्लोरीन लोखंड खातो, म्हणून ती मशीनजवळ, अवजारांजवळ ठेवू नये. रॉकेल, तेल आणि खतं यांच्याजवळ तर मुळीच नको, कारण ती पेट घ्यायला मदत करते.

कीटकनाशकं या कपाटातही ठेवू नयेत. त्यांची जागा घराबाहेर, वेगळ्या कुलपात. बाटलीच्या लेबलवरचा रंगीत त्रिकोण वाचायला घरातल्या सगळ्यांनी शिकावं : लाल सर्वाधिक विषारी, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नाही, उरलेल्या तिघांपेक्षा कमी विषारी एवढंच.

सगळ्यात घातक सवय मात्र रिकाम्या बाटलीची आहे. ॲसिड किंवा रॉकेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवलं की तहानलेलं मूल ती तोंडाला लावतं. प्रत्येक द्रव्य त्याच्या मूळ बाटलीतच राहावं आणि लेबल पुसट झालं तर मार्करने मोठ्या अक्षरात नाव लिहावं. तरीही कोणी ॲसिड प्यायलंच तर उलटी करवू नये, वर येताना ते घसा पुन्हा जाळतं. बाटली बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा, रुग्णवाहिकेसाठी १०८ लावावा. हा क्रमांक कपाटाच्या दारावरच लिहून ठेवावा.

वाळवण आणि साठा

गच्चीच्या दाराशी दोन गोष्टी : चिमट्यांची टांगती पिशवी आणि दोरी पुसायचं फडकं. दोरी नायलॉनची किंवा सुती असावी. लोखंडी तार घेऊ नये, आणि विजेच्या खांबाला किंवा त्याच्या ताणाला दोरी कधीच बांधू नये. पावसाळ्यात अशा तारांत वीज उतरून माणसं दगावतात, म्हणून महावितरण दरवर्षी हेच आवाहन करतं. पावसाच्या दिवसांसाठी पडवीत छताला ओढून वर घेता येणारी काठ्यांची वलणी बसवली तर खाली वावरायला जागा मोकळी राहते.

साठ्याला एकच नियम पुरतो : प्रत्येक वस्तूचा एक पुडा वापरात आणि एक शिलकीत. शिलकीतला उघडला की त्याच दिवशी यादीत नाव. यादीची पाटी आणि दोरीला बांधलेली पेन्सिल या कोपऱ्यातच असावी, स्वयंपाकघरात नाही. नवा पुडा मागे, जुना पुढे. स्वस्त मिळाले म्हणून आणलेले चार पुडे जागा अडवतात आणि पावसाळ्यात दगड होतात.

जागेने बोललं पाहिजे

मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालू आहे. तिथे शहरभरातून आलेले कपडे एकत्र भिजतात, एकत्र वाळतात आणि तरीही ज्याचे त्याला परत जातात. कारण प्रत्येक कपड्यावर एक लहानशी खूण असते. पूर्वी ही खूण बिब्ब्याच्या रसाने करत, चुन्याबरोबर तो रस कापडावर न निघणारा काळा डाग धरतो. कोणाचा कपडा कुठला, हे लक्षात ठेवण्याची सक्ती कोणावरच नसते. ते कपड्यावरच लिहिलेलं असतं.

घरात बरोबर याच्या उलट चालतं. पावडर किती टाकायची, कोणता कपडा वेगळा, तोटी कोणत्या बाजूला फिरवायची, शिल्लक पुडा कुठे, हे सगळं घरातल्या एकाच बाईच्या डोक्यात असतं. मग ‘आई, निळीची बाटली कुठे आहे?’ ही हाक रोजची होते आणि सांगत बसण्यापेक्षा ती स्वतःच उठते. भारत सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो असं आढळलं, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. आणि घरकामाला हात लावणारे पुरुषच मुळात चारांत एक. या तफावतीचं कारण मांडणी नाही, सवय आणि समजूत आहे. पण ‘मला सापडत नाही’ ही सबब मात्र मांडणीने काढून घेता येते.

म्हणून शेवटचं काम लिहिण्याचं. प्रत्येक डब्यावर नाव. पावडरच्या डब्यावर मापाची खूण. मशीनच्या वर, पाणी लागणार नाही अशा प्लास्टिकच्या कव्हरात, पाच-सहा ओळींची पाटी : कोणत्या टोपलीचे कपडे कोणत्या वेळेवर, किती पावडर, किती पाणी. तीन टोपल्यांवर तीन रंगांच्या पट्ट्या, म्हणजे वाचता न येणाऱ्या नातवालाही कळेल.

खर्च एकदम करायची गरज नाही. पहिल्या रविवारी सगळं बाहेर काढून नको ते टाकावं आणि विषारी वस्तू कुलपात न्याव्यात, त्याला एका कुलपाचे पैसे लागतात. पुढच्या आठवड्यात टोपल्या आणि खुंट्या. फळ्या आणि पिंपाचा कट्टा गवंडी येईल तेव्हा. मांडणी जमली की नाही, याची परीक्षा सोपी आहे : घरातल्या ज्या माणसाने कधी धुणं लावलेलं नाही त्याला एके दिवशी टोपलीपाशी उभं करावं आणि कोणीही काही सांगू नये. त्याने जिथे अडून विचारलं, तिथे अजून एक पाटी किंवा एक खुंटी कमी आहे. ती लावावी आणि पुढच्या आठवड्याचं धुणंही त्यालाच द्यावं.